ज्वालामुखीच्या पोटात विजेने डोकावणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुठल्याही ज्वालामुखीच्या सर्व्हेचं रंगीत चित्र बातम्यांमध्ये आलं की तेच तेच प्रश्न येतात, आणि त्यातला सगळ्यात जास्त वेळा येणारा म्हणजे "तो लाल डाग दिसतोय तो मॅग्माच (जमिनीखालचा वितळलेला खडकच) ना?" मी या डेटावर बरीच वर्षं काम करतेय आणि दर वेळी तुकड्यातुकड्यात उत्तर देण्यापेक्षा एकदाच सगळं नीट लिहून ठेवावं असं वाटलं. वेळ कमी असेल तर लाल डागाचा प्रश्न आधी वाचा, बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल.

प्रश्न: इलेक्ट्रोमॅग्नेटिक सर्व्हे म्हणजे नक्की काय करतात?

जमिनीखालचा खडक वीज किती सहज वाहू देतो ते वरूनच मोजायचं, मूळ काम एवढंच. खणायचं नाही, स्फोट करायचे नाहीत. या गुणाला रोधकता म्हणतात आणि ती ओहम-मीटरमध्ये मोजतात. रोधकता जास्त असेल तर वीज अडते, कमी असेल तर वाहते. ज्वालामुखीवर सगळ्यात जास्त वापरली जाणारी पद्धत म्हणजे मॅग्नेटोटेल्युरिक्स, सगळे एमटीच म्हणतात, मीही पुढे तेच म्हणणार आहे. रशियात तिखोनोव्ह यांनी १९५० मध्ये आणि फ्रान्समध्ये कान्यार यांनी १९५३ मध्ये तिचा पाया घातला, जपानमध्येही साधारण त्याच काळात यावर काम चालू होतं.

प्रश्न: पण खडकातून वीज वाहते का? दगड तर इन्सुलेटर असतो ना?

कोरडा, घट्ट, थंड दगड असेल तर हो, जवळजवळ इन्सुलेटरच. थंड झालेल्या लाव्हाच्या कोरड्या थराची रोधकता हजारो ओहम-मीटर असते. पण ज्वालामुखीत नुसता कोरडा दगड कधीच नसतो. भेगांमध्ये पाणी असतं, पाण्यात क्षार विरघळलेले असतात, गरम आम्लयुक्त पाण्याने खडक कुजून त्याची चिकणमाती झालेली असते आणि कुठेकुठे खडक वितळलेलाही असतो, आणि या चारही गोष्टी वीज चांगली वाहू देतात. चिकणमाती झालेला खडक १ ते १० ओहम-मीटर. समुद्राचं पाणी साधारण ०.३. वितळलेला खडक, त्यात पाणी किती आणि तापमान किती यावर, एखाद-दुसऱ्या ओहम-मीटरच्या आसपास, आणि खोलवरचं गरम, भरपूर खारं पाणी तर त्याहूनही कितीतरी कमी. म्हणजे एकाच डोंगरात दहा हजारापासून एकापर्यंतचा फरक. खडकाची घनता किंवा भूकंपलहरींचा वेग एवढ्या प्रचंड पटीत कधी बदलत नाही, आणि म्हणूनच ही पद्धत ज्वालामुखीवर इतकी उपयोगी पडते.

प्रश्न: जमिनीत करंट सोडतात का?

एमटीमध्ये नाही! मला या पद्धतीतलं सगळ्यात आवडणारं हेच आहे. सिग्नल आधीपासूनच येत असतो, आपण फक्त तो ऐकायचा. पृथ्वीवर दर सेकंदाला सुमारे ४० ते ५० वेळा कुठे ना कुठे वीज चमकते, बहुतेक उष्ण कटिबंधातल्या वादळांमध्ये, आणि तिच्या लहरी जमीन आणि आयनोस्फिअर (वातावरणाचा वरचा, विद्युतभारित थर) यांच्यामधल्या पोकळीत अडकून जगभर फिरत राहतात. साधारण १ हर्ट्झच्या वरचा सिग्नल या विजांचा. त्याखालचा, संथ सिग्नल सूर्याकडून येतो, म्हणजे सौर वारा पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावर आदळतो, ते क्षेत्र हलतं आणि त्या हलण्यामुळे जमिनीत अगदी बारीक करंट सुरू होतात. म्हणजे हजारो किलोमीटर लांबच्या वादळामुळे आणि पंधरा कोटी किलोमीटर लांबच्या सूर्यामुळे तुमच्या पायाखालच्या ज्वालामुखीचं चित्र तयार होतं. इतकी वर्षं झाली तरी मला याचं नवल वाटतं.

दोन्हींच्या मध्ये, १ हर्ट्झच्या आसपास, सिग्नल एकदम अशक्त असतो. त्या पट्ट्याला डेड बँड म्हणतात. तिथला डेटा कायम खराब येतो आणि नशीब असं की एखाद-दोन ते दहा-पंधरा किलोमीटरवरची, म्हणजे मॅग्मा जिथे शोधायचा असतो ती खोली बऱ्याचदा नेमकी त्याच पट्ट्यात येते.

स्वतः करंट सोडणाऱ्या पद्धतीही आहेत. जमिनीवर वायरची मोठी लूप टाकून करंट झटक्यात बंद करतात आणि जमिनीतला प्रतिसाद विरत जाताना मोजतात, किंवा दोन टोकं जमिनीत पुरून लांब वायरमधून ठरलेला करंट सोडतात. वरच्या काहीशे मीटरसाठी त्या छान आहेत, पण जास्त खोल जायचं तर निसर्गाच्या सिग्नलला तोड नाही.

प्रश्न: किती खोलवर दिसतं?

हे दोन गोष्टींवर ठरतं, सिग्नलची लहर किती संथ आहे आणि खडक किती वाहक आहे. अंदाजासाठी एक साधं गणित आहे: रोधकता गुणिले लहरीचा काळ (सेकंदात), त्याचं वर्गमूळ काढा, त्याला ५०३ ने गुणा, उत्तर मीटरमध्ये. १०० ओहम-मीटरच्या खडकात १०० हर्ट्झची लहर साधारण ५०० मीटर जाते, १ सेकंदाची ५ किलोमीटर, १०० सेकंदाची ५० किलोमीटर. म्हणून एकाच जागी वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी ऐकल्या की वरपासून खालपर्यंतची माहिती मिळते.

पण तोच खडक ३ ओहम-मीटरचा असेल तर १०० सेकंदाची लहरसुद्धा ९ किलोमीटरच्या आतच दमते. म्हणजे वर चिकणमातीचा जाड थर असला की तो खालचं झाकून टाकतो, आणि ज्वालामुखीवर असा थर जवळपास नेहमीच असतो.

प्रश्न: फील्डवर प्रत्यक्ष काय करता?

खड्डे खणतो. खरंच, दिवसातला बराचसा वेळ खड्डे खणण्यात आणि केबल ओढण्यात जातो.

एका स्टेशनवर साधारण असं असतं: मध्ये रेकॉर्डर, त्याच्यापासून उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम अशा दोन रेषा, प्रत्येक रेषेच्या दोन टोकांना इलेक्ट्रोड, टोकांमधलं अंतर ५० ते १०० मीटर. इलेक्ट्रोड म्हणजे नुसता लोखंडी खिळा चालत नाही कारण धातू आणि ओली माती यांच्यात स्वतःचंच व्होल्टेज तयार होतं आणि ते सरकत राहतं, म्हणून शिसं आणि शिशाचं क्लोराइड भरलेली भांडी वापरतात. खड्ड्यात बेंटोनाइट (पाणी धरून ठेवणारी चिकणमाती) आणि मिठाच्या पाण्याचा चिखल करायचा, भांडं त्यात दाबून बसवायचं आणि वरून माती ओढायची म्हणजे ऊन लागून तापमान बदलणार नाही. मग तीन मॅग्नेटिक कॉइल, मीटरभर किंवा थोड्या जास्त लांब, दोन आडव्या आणि एक उभी. त्यासुद्धा पुरायच्या. आडव्या कॉइल स्पिरिट लेव्हल लावून सरळ करायच्या, उभीसाठी खोल खड्डा लागतो आणि ताज्या लाव्हावर खोल खड्डा खणणं म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच माहीत. खणता आलंच नाही तर ती अर्धीच पुरून भोवती दगडमातीचा ढीग रचतात.

पुरण्याबद्दल इतका हट्ट का, तर कॉइल जराशी जरी हलली तरी ती पृथ्वीच्या कायमच्या चुंबकीय क्षेत्रात हलते. ते क्षेत्र २५,००० ते ६५,००० नॅनोटेस्ला आहे आणि आपण शोधतोय तो सिग्नल कित्येकदा एका नॅनोटेस्लाच्याही बारीक अंशाएवढा. वारा सुटला, झाडाची मुळं हलली, कोणी बाजूने चालत गेलं, सगळं रेकॉर्डमध्ये उमटतं. केबलसुद्धा हवेत लोंबत ठेवायची नाही, जागोजागी दगड ठेवून जमिनीला टेकवायची. एकदा मी घाईत एका केबलवर दगड ठेवायचे राहू दिले, रात्रभर वारा होता आणि सकाळी ती अख्खी रात्र टाकून द्यावी लागली, परत दोन तास चढून जाऊन पुन्हा लावलं. तेव्हापासून निघायच्या आधी प्रत्येक केबलवरून एकदा चालत जाते.

बर्फावर अजून वेगळी गंमत. बर्फ वीज वाहू देत नाही त्यामुळे इलेक्ट्रोडला जमिनीचा संपर्कच नीट मिळत नाही, म्हणून अंटार्क्टिकात इलेक्ट्रोडपाशीच खास अॅम्प्लिफायर लावून काम करतात.

प्रश्न: एका जागी किती वेळ रेकॉर्डिंग करतात?

वरच्या दहा-वीस किलोमीटरसाठी एक रात्र ते दोन-तीन दिवस. त्याहून खोल जायचं तर काही आठवडे, कारण हजारो सेकंदांची एक लहर पुरेशा वेळा मोजायची तर तेवढे दिवस जातातच.

प्रश्न: आजूबाजूला वीज, मोबाईल टॉवर, रेल्वे असेल तर?

त्रास होतो, आणि बराच. विजेच्या तारांची ५० किंवा ६० हर्ट्झची गुणगुण गाळता येते कारण ती एकाच फ्रिक्वेन्सीवर असते. विजेचं कुंपण आणि गंजू नये म्हणून करंट दिलेल्या पाइपलाइन त्याहून वाईट. सगळ्यात वाईट डीसीवर चालणारी रेल्वे, तिचा त्रास कित्येक किलोमीटर लांबून येतो.

यावर एक सुंदर उपाय १९७० च्या दशकाच्या शेवटी निघाला, त्याला रिमोट रेफरन्स म्हणतात. दुसरं एक स्टेशन लांब, शांत जागी त्याच वेळी चालू ठेवायचं. विजांचा आणि सूर्याचा सिग्नल दोन्हीकडे सारखा येतो, पण कुंपणाचा खरखराट फक्त एकाच ठिकाणी येतो, त्यामुळे जे दोन्हीकडे जुळतं तेवढंच ठेवायचं. घड्याळं जीपीएसवर जुळवलेली असतात म्हणून हे जमतं.

प्रश्न: या आकड्यांपासून ते रंगीत चित्र कसं तयार होतं?

आधी इलेक्ट्रिक आणि मॅग्नेटिक क्षेत्रांचं प्रत्येक फ्रिक्वेन्सीला असलेलं गुणोत्तर काढतात. मग कॉम्प्युटरमध्ये जमीन छोट्या छोट्या ठोकळ्यांत वाटायची, प्रत्येक ठोकळ्याला एक रोधकता द्यायची, या जमिनीवर डेटा कसा दिसला असता ते काढायचं, खऱ्या डेटाशी ताडून बघायचं, ठोकळे थोडे बदलायचे, पुन्हा काढायचं, जुळेपर्यंत. याला इन्व्हर्जन म्हणतात. शिखरांचे चढउतार आणि बेट असेल तर भोवतीचा समुद्रसुद्धा मॉडेलमध्ये घालावा लागतो, नाहीतर समुद्राचं खारं पाणीच डोंगराखाली भूत बनून दिसायला लागतं.

आता महत्त्वाचं. एकाच डेटाशी जुळणारी मॉडेल्स असंख्य असतात. म्हणून कॉम्प्युटरला सांगावं लागतं की जुळणाऱ्यांपैकी सगळ्यात साधं, सगळ्यात मऊ, म्हणजे रोधकता हळूहळू बदलणारं मॉडेल दे. त्यामुळे चित्रातल्या कडा नेहमी धूसर येतात. निसर्गातली कड अगदी धारदार असली तरी चित्रात ती पसरलेलीच दिसणार.

अजून एक मर्यादा आहे जी चित्र बघून कळतच नाही. वाहक थराचा माथा कुठे आहे हे एमटी छान सांगते, तळ कुठे आहे हे नाही. आणि तिला कळते ती जाडी आणि वाहकता यांची मिळून गोळाबेरीज: १ ओहम-मीटरचा १ किलोमीटर जाड थर आणि १० ओहम-मीटरचा १० किलोमीटर जाड थर यांच्यात फरक करणं फार अवघड. म्हणून "मॅग्माचा साठा १२ किलोमीटर जाड आहे" असं कोणी नुसत्या एमटीवरून सांगितलं तर तळ कसा ठरवला हे जरूर विचारा.

प्रश्न: लाल डाग म्हणजे मॅग्माच ना?

नाही. म्हणजे असू शकतो, पण लाल रंगाचा अर्थ फक्त एवढाच की इथे वीज सहज वाहते, का वाहते ते रंग सांगत नाही.

वरच्या एक-दोन किलोमीटरमधला लाल पट्टा बहुतेक वेळा चिकणमाती असते. गरम पाण्याने खडक मुरतो आणि साधारण ७० ते २०० अंश सेल्सिअसला स्मेक्टाइट नावाची माती बनते, ती वीज फार छान वाहू देते. २०० च्या वर गेलं की तीच माती बदलून इलाइट आणि क्लोराइट बनते आणि त्यांची वाहकता कमी असते. म्हणून बऱ्याच ज्वालामुखींवर उलट्या वाटीसारखी एक लाल टोपी दिसते आणि तिच्याखाली रोधकता परत वाढते, आणि खरी जास्त उष्णता त्या लाल टोपीत नसून तिच्याखालच्या फिकट भागात असते. भूऔष्णिक वीज काढणारे लोक म्हणूनच टोपीखालची जागा शोधतात. लाल म्हणजे गरम असा अर्थ मनाशी धरून चित्र वाचलं तर सगळं उलटं वाचलं जातं.

खोलवर गेलं की चिकणमातीचा प्रश्न सुटतो पण मग खारं पाणी, मॅग्मा, ग्राफाइट आणि सल्फाइडची खनिजं यांचा घोळ सुरू होतो. याचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे अमेरिकेतल्या माउंट सेंट हेलेन्सच्या परिसरातला मोठा वाहक पट्टा. १९८० च्या दशकात संशोधकांचं म्हणणं होतं की हे जुने, खाली गाडले गेलेले समुद्री गाळाचे खडक आहेत. २००९ मध्ये एका गटाने मांडलं की हा अंशतः वितळलेला खडक आहे आणि तो पार शेजारच्या माउंट अॅडम्स ज्वालामुखीपर्यंत पसरलेला असू शकतो, तेव्हा केवढ्या बातम्या झाल्या. २०१८ मध्ये खूप जास्त स्टेशनांच्या डेटावरून परत असं दिसलं की मध्ये थंड झालेला एक मोठा ग्रॅनाइटसारखा गोळा आहे आणि वाहक भाग म्हणजे त्याला वेढून असलेले रूपांतरित गाळाचे खडक. तीस वर्षं, तोच डोंगर, जवळपास तोच पट्टा, आणि अर्थ दोनदा बदलला. यात कोणी खोटं बोललं नाही, वाहक पट्टा तिथे होता आणि आहे, तो कशाचा आहे हे नुसत्या रोधकतेवरून ठरत नाही इतकंच.

प्रश्न: बरं, मॅग्मा आहे असं धरलं तर किती टक्के वितळलेला आहे ते कळतं का?

अंदाज काढता येतो पण त्या अंदाजात आपलं गृहीतक किती भरलेलं असतं ते बघा. समजा इन्व्हर्जनमध्ये ३ ओहम-मीटर आले. वितळलेला भाग खडकाच्या कणांभोवती सलग जोडलेला आहे असं धरू. वितळलेल्या द्रवाची स्वतःची रोधकता १ मानली तर गणिताने साधारण ४३ टक्के वितळलेला खडक लागतो. ती ०.५ मानली तर २३ टक्के. आणि ते मॅग्मा नसून ०.०५ ओहम-मीटरचं गरम खारं पाणी असेल तर अडीच टक्क्यांतच काम होतं! तेच ३ ओहम-मीटर, आणि उत्तर ४३ पासून अडीचपर्यंत कुठेही.

४३ आणि २३ मधला फरक वैज्ञानिकांच्या वादापुरता नाही. मॅग्मा उसळून वर यायचा तर त्यातला स्फटिकांचा सांगाडा मोडावा लागतो, आणि कमी वितळलेला असेल तर तो घट्ट लगद्यासारखा जागीच बसून राहतो. म्हणून द्रवाची रोधकता प्रयोगशाळेत खऱ्या दाबाला आणि तापमानाला मोजलेली असावी लागते, त्यात किती पाणी विरघळलंय हे बाहेर आलेल्या जुन्या लाव्हाच्या स्फटिकांवरून काढावं लागतं. वितळलेले थेंब एकमेकांना जोडलेले नसून सुटे सुटे असतील तर भरपूर मॅग्मा असूनही वीज वाहणार नाही, हेही आहेच.

प्रश्न: खरंच काही सापडलंय अशी उदाहरणं सांगा ना

बोलिव्हियातला उतुरुंकू, ६,००० मीटरच्या थोडा वर. शेवटचा उद्रेक सुमारे अडीच लाख वर्षांपूर्वीचा, तरी उपग्रहांच्या रडारवरून दिसलं की १९९० च्या दशकापासून तिथली जमीन वर्षाला साधारण एक सेंटीमीटर उचलली जातेय. तिथे एमटी केली तर खाली १५ किलोमीटरच्या आसपास एक प्रचंड वाहक थर सापडला, ३ ओहम-मीटरपेक्षा कमी, तोच जो भूकंपलहरींनाही तिथे मंद करतो. शिवाय त्यातून वर निघालेले उभे, अरुंद वाहक पट्टेही दिसले. नंतरच्या अभ्यासांमध्ये असं दिसतंय की वरच्या भागातली हालचाल बरीचशी गॅस आणि खाऱ्या पाण्याची आहे, वर येणाऱ्या मॅग्माची नाही, आणि तिथे राहणाऱ्यांसाठी ही चांगली बातमी आहे.

अमेरिकेतला माउंट रेनियर. २०१४ मध्ये एमटी आणि भूकंपलहरी एकत्र वापरून तिथला जवळजवळ पूर्ण रस्ता दिसला, समुद्राची प्लेट खाली बुडते तिथे साधारण ८० किलोमीटरवर पाणी सुटतं, वरचा खडक वितळतो आणि द्रव चढत चढत वर येतो. आणि वरचा साठा शिखराच्या बरोबर खाली नाही तर थोडा पश्चिमेला.

अंटार्क्टिकातला एरेबस, ज्याच्या तोंडाशी लाव्हाचं तळं आहे. तिथे खोलवरून वर येणारा एक उभा मार्ग दिसला. वर मोठी पाण्याने भरलेली मॅग्माची कोठी जशी इतर अनेक ठिकाणी अपेक्षित असते तशी नाही, कारण तिथला मॅग्मा कार्बन डायऑक्साइडने भरलेला आहे, पाण्याने नाही, आणि पाणी कमी असलेला मॅग्मा अर्ध्या वाटेत न अडकता बराच वर येऊ शकतो.

अमेरिकेतल्याच यलोस्टोन ज्वालामुखीबद्दल २०२५ मध्ये एमटीवरून आलं की खालचा वितळलेला रायोलाइट (सिलिका जास्त असलेला, वितळल्यावर चिकट होणारा खडक) एका मोठ्या टाकीत नसून वेगवेगळ्या भागांत वाटलेला आहे आणि खालून बेसाल्टची उष्णता ईशान्येकडच्या भागाला मिळतेय.

प्रश्न: ही पद्धत कधी चुकली आहे का?

आइसलँडमधला क्राफ्ला. २००९ मध्ये तिथे साडेचार किलोमीटरपर्यंत जाणारी विहीर खणायला घेतली, आधीच्या सर्व्हेंवरून मॅग्मा त्याहून खाली असावा असा समज होता. २.१ किलोमीटरवरच ड्रिल थेट रायोलाइट मॅग्मात घुसलं, तापमान सुमारे ९०० अंश.

मला हे उदाहरण फार जवळचं वाटतं कारण ते या पद्धतीची खरी हद्द दाखवतं. मॅग्माचा छोटा साठा किंवा पातळ थर, त्यात पाणी कमी, आणि वर वाहक चिकणमाती. अशा वेळी धूसर चित्रात तो विरघळूनच जातो. चित्रात काही नाही दिसलं म्हणजे तिथे काही नाही असं कधीच म्हणता येत नाही.

प्रश्न: भूकंपलहरींनी खालचं दिसतंच की, मग हे कशाला?

लहरींचा वेग खडकाच्या सांगाड्यावर ठरतो आणि वीज भेगांतल्या द्रवावर. एक टक्का खारं पाणी लहरींना फारसं जाणवत नाही पण विजेला लगेच जाणवतं. उलट सुटे सुटे थेंब विजेला दिसत नाहीत पण लहरींना दिसतात. दोन्ही एकाच ठिकाणी बोट दाखवायला लागले की मग जरा विश्वासाने बोलता येतं, आणि त्याला गुरुत्वाकर्षणाची मोजणी जोडली तर अजून बरं.

प्रश्न: हेलिकॉप्टरवरून करतात ते काय?

हेलिकॉप्टरखाली यंत्र लोंबकळवतात, त्यातली कॉइल किंवा लूप सिग्नल सोडते आणि परत आलेला मोजते. खोली काहीशे मीटरच, पण एका दिवसात एवढा भाग होतो जो चालत करायला महिने लागतील, आणि तेही जिथे माणूस पोचूच शकत नाही तिथे.

याचा सगळ्यात महत्त्वाचा उपयोग मला वाटतं रेनियरवर झाला. सुमारे ५,६०० वर्षांपूर्वी त्या डोंगराचा मोठा भाग कोसळून चिखलाचा प्रचंड लोंढा खोऱ्यांतून वाहत गेला होता, त्या जमिनीवर आज वस्ती आहे. डोंगराचा कुठला भाग आतून मुरून भुसभुशीत झालाय हे बर्फाखाली दिसत नाही. हेलिकॉप्टरच्या सर्व्हेत वीज आणि चुंबकत्व दोन्ही मोजले, मुरलेला खडक वाहकही असतो आणि त्याचं चुंबकत्वही गेलेलं असतं, आणि त्यावरून २००१ मध्ये दाखवता आलं की असा कमकुवत खडक मुख्यतः पश्चिमेकडच्या वरच्या उतारावर आहे. यासाठी उद्रेकच व्हावा लागतो असं नाही. डोंगर शांत असतानाही कोसळू शकतो, आणि कुठल्या खोऱ्यातल्या लोकांनी जास्त सावध राहायचं हे आधी सांगता येणं ही फार मोठी गोष्ट आहे.

प्रश्न: उद्रेक आधी ओळखता येतो का?

एका सर्व्हेवरून नाही. एक सर्व्हे म्हणजे एक फोटो, उद्रेक ओळखायला बदल दिसावा लागतो. असा बदल मोजल्याची जुनी, चांगली नोंद जपानमधल्या इझु-ओशिमा या ज्वालामुखी बेटाची आहे, तिथे नोव्हेंबर १९८६ च्या उद्रेकाआधी मिहारायामा या शिखराच्या विवराखालची रोधकता घटत गेलेली नोंदवली होती, मॅग्मा वर चढत होता. तिथे चुंबकीय क्षेत्रही कमी होत होतं कारण खडक तापला की चुंबकत्व सोडतो, मॅग्नेटाइट हे चुंबकीय लोहखनिज तर ५८० अंशाला पूर्णच.

पण मला जास्त काळजी वाफेच्या स्फोटांची वाटते. २७ सप्टेंबर २०१४ ला जपानमधला ओन्ताके ज्वालामुखी फुटला, शनिवार दुपार, शिखरावर गिर्यारोहकांची गर्दी, ६३ जण गेले किंवा कायमचे बेपत्ता झाले. नवा मॅग्मा वर आलाच नव्हता, आत कोंडलेलं गरम पाणी एकदम वाफ होऊन फुटलं. अशा ठिकाणी ती चिकणमातीची टोपी झाकणासारखं काम करते, पाणी जाऊ देत नाही, खाली दाब साठतो. जपानमधल्याच कुसात्सु-शिराने ज्वालामुखीच्या युगामा विवराखाली अशी टोपी एमटीमध्ये स्पष्ट दिसली आहे आणि छोटे भूकंप बरेचसे तिच्याखाली होतात. झाकण कुठे आहे, किती जाड आहे, कुठे तुटलंय हे माहीत असेल तर कुठल्या विवरापासून लोकांना लांब ठेवायचं ते ठरवायला नक्की मदत होते. स्फोट कधी होणार ते मात्र नाही सांगता येत.

प्रश्न: या सर्व्हेमुळे ज्वालामुखीला धक्का लागून उद्रेक होईल का?

नाही. एमटीमध्ये आपण काहीच सोडत नाही, फक्त ऐकतो. करंट सोडणाऱ्या पद्धतींतही ऊर्जा इतकी कमी असते की खडकाला काहीही होत नाही. काम झालं की खड्डे बुजवतात, केबल गुंडाळून आणतात.

प्रश्न: बातमीतलं असं चित्र बघताना मी काय तपासू?

आधी रंगांची पट्टी बघा, लाल म्हणजे किती ओहम-मीटर, कारण कुणाच्या चित्रात ३ लाल असतं आणि कुणाच्या ३०. मग स्टेशनांचे ठिपके शोधा, डाग ठिपक्यांच्या बरोबर खाली आहे की जिथे एकही स्टेशन नाही अशा कोपऱ्यात? कोपऱ्यातल्या डागावर फार विश्वास ठेवू नका. मग खोली, २ किलोमीटरच्या आत असेल तर पहिला संशय चिकणमातीवर घ्या. मग मूळ लेखात हे शोधा की त्यांनी तो डाग मॉडेलमधून पुसून, तिथे साधा खडक भरून, डेटा तरी जुळतो का ते तपासलं का. पुसूनही जुळत असेल तर त्या डागाची डेटाला गरजच नाही. मी स्वतः कुठलाही नवीन पेपर उघडला की सगळ्यात आधी हीच चाचणी शोधते, निष्कर्ष नंतर वाचते.